न फाकणारा झोत: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी जुन्या बाजारातून तीन भिंगं आणली. एक फुटक्या दुर्बिणीचं पुढचं भिंग, एक आयपीस, म्हणजे दुर्बिणीत डोळ्याजवळ असतं ते भिंग, आणि एक साधं २५ मिमी व्यासाचं. हे तिसरं महत्त्वाचं. घरी येऊन गच्चीत उन्हात धरलं, कागदावर सूर्याचा ठिपका बारीक होईपर्यंत मागेपुढे केलं आणि पट्टीने मोजलं. नाभीय अंतर २०० मिमीला दोन कमी. हिशोबाला २०० धरायला हरकत नाही.

हे सगळं सुरू झालं भाचीच्या एका प्रश्नावरून. दिवाळीत तिने गच्चीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर लेझर मारला आणि म्हणाली, "मावशी, लेझर सरळ जातो म्हणतात ना, मग तिकडे एवढा मोठा डाग का पडतो?" ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा "लाट आहे, पसरणारच" एवढ्या उत्तरावर तिची बोळवण होणं शक्य नव्हतं. मी अनेक वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेतली. या प्रश्नाचं खरं उत्तर करून दाखवायचं राहून गेलं होतं.

झोत जितका बारीक करावा तितका तो लवकर फाकतो. लाल लेझरचा, म्हणजे ६५० नॅनोमीटरचा झोत आवळून ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका केला, तर पुढच्या ३ मिमीतच त्याचं क्षेत्रफळ दुप्पट होतं. ३ मिलिमीटर! तांदळाच्या दाण्याची निम्मी लांबीसुद्धा नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डर्निन, मिसेली आणि एबर्ली यांनी दाखवलं की लाटांच्या समीकरणाला असंही एक उत्तर आहे ज्यात मधला ठिपका फाकतच नाही. त्याचा आकार बेसेलच्या फलाने (फंक्शनने) मिळतो. बेसेल म्हणजे एकोणिसाव्या शतकातला जर्मन खगोलशास्त्रज्ञ. डर्निन मंडळींनी प्रयोगाला जे वापरलं ते घरात जमण्यासारखं आहे: बांगडीसारखी गोल फट आणि तिच्यापुढे भिंग. त्यांची फट अडीच मिमी व्यासाची, १० मायक्रॉन रुंद होती.

ठरलं ते असं: आधी प्रकाशाचा झोत, मग तोच आवाजाचा.

८ जानेवारी, बुधवार

फट कशी करायची यात तीन दिवस गेले. लेझर प्रिंटरवर पारदर्शक शीट छापून पाहिली. दिव्यासमोर धरली तर काळ्या भागातून उजेड पाझरताना दिसला. हे चालणार नाही, कारण फटीचं क्षेत्रफळ इतकं कमी आहे की आजूबाजूने थोडा जरी प्रकाश गळला तरी फटीतला त्यात बुडून जाईल.

मग पेठेत स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना जे फिल्म पॉझिटिव्ह काढून देतात तिकडे गेले. इंचाला २४०० ठिपके, म्हणजे एक ठिपका साधारण साडेदहा मायक्रॉनचा. एकाच फिल्मवर ४ मिमी व्यासाची तीन कडी काढून घेतली: पाच ठिपके रुंद, तीन ठिपके रुंद आणि दोन ठिपके रुंद. काउंटरवरच्या दादांनी तीनदा विचारलं, "ताई, एवढंसंच छापायचंय?" मग त्यांनीच आपलं भिंग डोळ्याला लावून कडं तपासलं आणि सांगितलं की दोन ठिपक्यांचं कडं चार ठिकाणी तुटलंय. घरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, बरोबर चार ठिकाणी. आयुष्यभर फिल्म पाहिलेल्या माणसाची नजर ती.

१२ जानेवारी, रविवार

पॅसेजमध्ये मांडणी केली. बोहरी आळीतून आणलेलं अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल जमिनीवर, त्याला मोजपट्टी चिकटवलेली. लेझर, मग आयपीस, मग दुर्बिणीचं भिंग. या दोघांनी झोत रुंद आणि समांतर केला. मग फट. फटीपासून बरोबर २० सेंमीवर आपलं भिंग. सगळे दिवे बंद, दाराखालची फट जुन्या साडीने बुजवली.

कॅमेरा म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा जुना कॅमेरा घेतला आणि त्याचं मुगाच्या डाळीएवढं भिंग काढून टाकलं. ते गोंदाने पक्कं केलेलं असतं. ब्लेडच्या टोकाने गोंद खरवडला, बारीक पक्कडीने फिरवलं, आणि ते सुटताना श्वास रोखून धरला, कारण खाली उघडा पडतो तो सेन्सर, आणि त्यावर बसलेला एक धुळीचा कण पुढच्या प्रत्येक चित्रात दिसत राहतो. या सेन्सरचा एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, १.४ मायक्रॉनचा. म्हणजे पट्टीशिवायच मोजमाप.

फटीतला प्रत्येक बिंदू भिंगातून बाहेर पडताना एक सपाट लाट होतो, आणि ती लाट मधल्या रेषेकडे झुकलेली असते. फटीची त्रिज्या २ मिमी, अंतर २०० मिमी, म्हणजे झुकाव शंभरास एक. गवंडी न्हाणीघराच्या फरशीला पाणी जाण्यासाठी देतो तसाच उतार. कड्याच्या सगळ्या बिंदूंकडून, सगळ्या बाजूंनी, शंभरास एक उताराने लाटा मध्यावर येतात, आणि जिथे सगळ्या एका तालात भेटतात तिथे उजेड दिसतो. हिशोबाने मधला ठिपका पहिल्या काळ्या कड्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ५० मायक्रॉन, म्हणजे कॅमेऱ्याचे ३६ चौकोन.

पहिल्या तासात नुसता वाकडातिकडा लाल धुरळा दिसत होता. कडं आणि झोत एका मध्यावर नव्हते. फिल्मची चौकट कागदाच्या घड्या घालून एक एक केसभर सरकवली. साडेनऊच्या सुमाराला पडद्यावर एकदम ते उमटलं: मध्ये टिकलीसारखा ठिपका आणि त्याभोवती कडी, कडी, कडी. शांत तळ्यात खडा टाकल्यासारखी, पण थिजलेली. भाची बराच वेळ काही बोललीच नाही.

कॅमेरा चॅनेलवरून मागे नेत गेलो. ५ सेंमी, १० सेंमी, १५ सेंमी. ठिपका ३४ ते ३७ चौकोनांचाच. २२ सेंमीच्या पुढे कडी पुसट होऊ लागली आणि मग ठिपका विरून गेला. साध्या आवळलेल्या झोताला जिथे ३ मिमी मिळतात तिथे याला २२ सेंमी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. रात्री एवढंच गणित केलं: झोत २२ सेंमीलाच का संपला? फट ५३ मायक्रॉनची, तिच्यातून प्रकाश भिंगापर्यंत पोचताना दोन्हीकडे सुमारे अडीच मिमीच पसरतो. म्हणजे भिंगाचा तेवढाच भाग कामाला लागला. मध्यापासून अडीच मिमीवर निघालेली लाट शंभरास एक उताराने मध्यावर पोचते ती २५ सेंमीवर. तिच्यापुढे मध्यावर यायला कोणी उरतच नाही.

डर्निनच्या मूळ गणितात झोताच्या रुंदीला अंत नाही, म्हणून लांबीलाही नाही. आपल्या भिंगावर उजेड पडलेल्या भागाला कडा आहे.

१९ जानेवारी, रविवार

तीन ठिपक्यांचं कडं लावलं. फट अरुंद, म्हणून प्रकाश भिंगावर जास्त पसरतो, म्हणून झोत लांब. हिशोब ४० सेंमीचा, प्रत्यक्षात ३८ पर्यंत ठिपका नीट मोजता आला. आनंद झाला, कारण लांबी वाढली पण ठिपक्याची जाडी तसूभरही बदलली नाही.

मात्र उजेड फार कमी. आणि ही फक्त फट अरुंद असण्याची किंमत नाही. बेसेल झोताचा एक गुणधर्म असा की मधल्या ठिपक्यात जेवढी शक्ती, साधारण तेवढीच भोवतीच्या प्रत्येक कड्यात. दोन कड्यांमधलं अंतर साडेबत्तीस मायक्रॉन, भिंगाचा चार मिमी भाग वापरात, म्हणजे सव्वाशे कडी. मधल्या ठिपक्याच्या वाट्याला सव्वाशेतला एक भाग. भाचीला हे पटेना. "एवढी शक्ती बाहेर वाया घालवायची?" वाया नाही. पुढे ३८ सेंमीवर जो ठिपका दिसतो तो आत्ताच्या बाहेरच्या कड्यांमधूनच तयार होणार असतो. ही कडी म्हणजे रांगेत उभी असलेली माणसं. ज्याची पाळी येते तो मध्यावर पोचतो आणि पुढे निघून जातो.

फटीऐवजी शंकूच्या आकाराची काच, अ‍ॅक्सिकॉन, लावली तर प्रकाश फुकट जात नाही. मॅक्लाउडने १९५४ मध्येच ती मांडली होती. चांगली अ‍ॅक्सिकॉन महाग. आपलं काम फटीवर भागतंय.

२६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस या प्रकल्पातला आत्तापर्यंतचा सगळ्यात सुंदर.

झोताच्या मधोमध अडथळा ठेवायचा आणि पुढे काय होतं ते पाहायचं. अडथळा म्हणून बॉलपेनची गोळी. ०.७ च्या रिफिलचं पितळी टोक कानशीने घासत गेलं की गोळी सुटते. शाई पुसून, स्पिरिटने धुऊन, सुईच्या टोकावर फेविक्विकचा कण घेऊन ती काचपट्टीवर बसवली. दोन गोळ्या घरंगळून गेल्या, तिसरी बसली.

गोळीची त्रिज्या ०.३५ मिमी, उतार शंभरास एक, म्हणजे सावली मध्यावर ३५ मिमीपर्यंत टिकली पाहिजे आणि तिथून पुढे ठिपका परत आला पाहिजे. बाजूच्या लाटांना मध्यात गोळी असल्याचं कळतच नाही. त्या तिच्या पलीकडे जाऊन भेटतात. कॅमेरा ६० मिमीवर नेला. ठिपका होता, कडी होती, ३६ चौकोन. ४० मिमीवरही होता. मधला ठिपका पूर्ण अडवलेला असताना!

मग कॅमेरा १५ मिमीवर आणला, जिथे सावलीच असायला हवी. सावली होती, पण तिच्या बरोबर मधोमध एक अगदी बारीक ठिपका चमकत होता. भाची लगेच म्हणाली, "मावशी, मग हा कोणाचा? तुझा झोत इथे पोचायलाच नको." तिची शंका रास्त होती. तो आरागोचा ठिपका. १८१८ मध्ये फ्रेनेलने प्रकाश लाट असल्याचं गणित पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवलं. प्वासाँने त्यातून निष्कर्ष काढला की मग गोल चकतीच्या सावलीच्या मध्यावर उजेड पडेल, आणि असं कसं होईल, सबब गणित चूक. आरागोने २ मिमीची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवून प्रयोग केला आणि उजेड पडलेला दाखवला. आमच्या गोळीच्या गोल कडेवरून वळलेला प्रकाश तसाच मध्यावर जमत होता.

पण यामुळे खरी अडचण अशी की पुढचा, ६० मिमीवरचा ठिपका तरी कोणाचा? आरागोचा की आमच्या झोताचा? गोल अडथळा ठेवून हे ठरत नाही. म्हणून काळ्या टेपचा ब्लेडने तिरपातिरपा कापलेला तिकोनी तुकडा लावला, मध्यापासून त्याचं सगळ्यात लांबचं टोक अर्ध्या मिमीवर. आता सावलीत मध्यावर ठिपका नाही, नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. आणि ५० मिमी ओलांडल्यावर ठिपका आणि कडी जशीच्या तशी. आता मान्य. ही शंका तिने काढली नसती तर मी गोळीवरच समाधान मानलं असतं आणि अर्धवट पुराव्यावर थांबले असते.

याचा उपयोगही झालेला आहे: २००२ मध्ये अशाच झोताने एकामागे एक ठेवलेल्या नमुन्यांतले कण एकाच वेळी पकडून दाखवले गेले. पहिल्या कणाने अडवलेला झोत पुढच्यासाठी पुन्हा उभा राहतो.

२ फेब्रुवारी, रविवार

आता आवाज. लाट ती लाट, फक्त मोजमाप मायक्रॉनवरून मिलिमीटरवर येतं, आणि सगळं हाताने चाचपता येईल एवढं मोठं होतं. १९९२ मध्ये लू आणि ग्रीनलीफ यांनी एक्स लाटा नावाचे असेच न फाकणारे ध्वनिस्पंद मांडले ते वैद्यकीय सोनोग्राफी डोळ्यांसमोर ठेवून.

तपकीर गल्लीतून ४० किलोहर्ट्झचे, १६ मिमी व्यासाचे ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेचा आवाज करणाऱ्या डब्या, आणले. गाडी मागे घेताना टिकटिक करणाऱ्या सेन्सरच्या जातीचे. चोवीस अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर, म्हणजे तरंगलांबी ८.६५ मिमी. चाळीस किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, तरी कान समोर नेऊन ठेवायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून.

प्रकाशात कड्याने काम झालं, म्हणून इथेही कडं: ६८ मिमी त्रिज्येच्या वर्तुळात चोवीस ट्रान्सड्यूसर, सगळे एका तालात. मोजायला काडीच्या टोकावर बारीक भोकाचं मेम्स माइक, म्हणजे चिपवरचं इवलंसं माइक.

जमलं नाही. १० सेंमीवर मधला ठिपका १२ मिमी रुंद, २० सेंमीवर २१, आणि ४० सेंमीवर ४० मिमी. झोत मस्तपैकी फाकतोय. रात्री अकरापर्यंत तारा तपासल्या. तारा बरोबर आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

चूक तारांत नव्हती, माझ्या विचारात होती. आज भाजी चिरताना लक्षात आलं. प्रकाशाच्या प्रयोगात कड्याच्या पुढे भिंग होतं! कड्यातल्या बिंदूची गोल पसरणारी लाट भिंगाने सपाट केली आणि तिला शंभरास एक असा एकच ठराविक झुकाव दिला. इथे कडं उघडं आहे. जवळच्या बिंदूवर लाटा खूप तिरप्या येतात, लांबच्यावर जवळजवळ सरळ. झुकाव जागोजागी बदलतो, म्हणून ठिपक्याची जाडीही बदलते. मी कड्याचं श्रेय कड्याला दिलं, अर्धं श्रेय भिंगाचं होतं.

आवाजाला असं भिंग करण्यापेक्षा दुसरा मार्ग सोपा: एक कडं न घेता मध्ये एक ट्रान्सड्यूसर आणि त्याभोवती एकात एक चार कडी घ्यायची, आणि बाहेरचं कडं आधी, आतलं नंतर असं क्रमाने वाजवायचं. मग एकाच उताराची शंकूसारखी लाट निघेल. अ‍ॅक्सिकॉन, पण काचेऐवजी वेळेचा.

९ फेब्रुवारी, रविवार

मध्ये एक, मग ६, १२, १८, २४. एकूण ६१. कड्यांमधलं अंतर १७ मिमी. साइनबोर्डवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकच्या शीटला लेझरने भोकं पाडून घेतली.

आज दिवसभर फक्त एक काम: प्रत्येक ट्रान्सड्यूसरची उलटसुलट बाजू तपासणं. पायांवर खूण असते, पण तिच्यावर विसंबायचं नाही. एक ट्रान्सड्यूसर पाठवणारा म्हणून टेबलाला पक्का केला, समोर लाकडी खोबणीत तपासायचा ठेवला, आणि स्कोपवर, म्हणजे लाट पडद्यावर काढून दाखवणाऱ्या यंत्रावर, दोघांच्या लाटा एकाखाली एक. शिखराखाली शिखर आलं तर सुलटा, शिखराखाली दरी आली तर उलटा. खोबणीत अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे सव्वाचार मिमीची जरी हलगर्जी झाली तरी निकाल उलटतो, म्हणून प्रत्येक वेळी बूड टेकेपर्यंत दाबायचं. एकसष्टांपैकी सात उलटे निघाले. त्यांच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. हे सात तसेच बसवले असते तर पुढचे दोन आठवडे भुतासारखी आकडेवारी मिळाली असती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिला प्रयोग सगळ्यात स्वस्तातला: एक आड एक कडं उलटं जोडायचं. शेजारच्या दोन कड्यांत अर्ध्या लाटेचा फरक, म्हणजे झुकाव १४.७ अंश, जवळजवळ चारास एक. मायक्रोकंट्रोलरची एकच लाट आणि तिची उलट लाट पुरते.

आणि झालं. पहिली शांत जागा मध्यापासून १३ मिमीवर असायला हवी. ८ सेंमीवर १३, १४ वर १३, २० वर १४. २६ सेंमीच्या आसपास आवाज घसरत जातो. बाहेरच्या कड्याची त्रिज्या ६८ मिमी, तिच्या पावणेचार पट २६ सेंमी. तोच हिशोब.

सुरुवातीला आकडे थरथरत होते. भाचीने वर पाहिलं आणि पंखा बंद केला. थरथर थांबली. वाहत्या हवेत लाटांचा ताल चुकतो.

एक गोष्ट खटकली. शक्ती अपेक्षेच्या निम्मीच. माइक बाजूला नेलं तर बाहेर पसरत जाणाऱ्या दिशेलाही तेवढाच जोरदार आवाज. विचार केल्यावर उघड आहे: अर्ध्या लाटेचा फरक पुढे आहे की मागे, हे लाटेला सांगता येत नाही. त्यामुळे एक शंकू आत मिटतो, एक बाहेर उघडतो, आणि शक्ती दोघांत वाटली जाते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उपाय: अर्ध्याऐवजी पाव लाटेचा फरक. मग दिशा ठरते, आणि बाहेरचा शंकू ट्रान्सड्यूसरच्या सरळ दिशेपासून लांब जाऊन दुबळा होतो. ४० किलोहर्ट्झची एक लाट २५ मायक्रोसेकंदांची, पाव म्हणजे सव्वासहा. आमच्या मायक्रोकंट्रोलरचं, आर्डुइनोचं, घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतं, तेव्हा सव्वासहा मायक्रोसेकंद म्हणजे नेमके १०० ठोके. एवढा नीट बसणारा आकडा क्वचित मिळतो. प्रोग्रॅम भाचीने लिहिला. मधला ट्रान्सड्यूसर आणि चार कडी यांच्यासाठी मोटार चालवायचे तीन एल२९८एन बोर्ड, प्रत्येकात दोन वाटा. हे बोर्ड ४० किलोहर्ट्झला कसेबसे पुरतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये खुल्या केलेल्या टायनीलेव्हमध्येही हाच बोर्ड आहे. तिथे ७२ ट्रान्सड्यूसर थर्मोकोलचा मणी हवेत तोलून धरतात.

झुकाव आता आठास एक. झोत ५० सेंमीच्या पुढे गेला, पण मधला भाग दुप्पट जाड झाला: पहिली शांत जागा २६ मिमीवर. बारीक हवा तर आखूड, लांब हवा तर जाड. कडी तेवढीच असताना दोन्ही एकदम मिळत नाही.

उशिरांचा हिशोब करताना खोडदची आठवण येत राहिली. नारायणगावजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, १४ मधोमध आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. आकाशातल्या एका दिशेकडून आलेली लाट कोणत्या तबकडीला किती उशिरा भेटली हे मोजून मगच तिथे बेरीज होते. आम्ही लाट पाठवतो, ते झेलतात. उशिराचं गणित मात्र एकच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. पेठेतल्या एका शाळेत दोन्ही झोत नेले. १९२८ मध्ये याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. मुलांना मी दुसऱ्या कामाबद्दल सांगितलं: १९३५ मध्ये रामन आणि नागेंद्र नाथ यांनी बंगळूरला बसून मांडलेलं गणित, द्रवातून जाणारा अश्राव्य ध्वनी प्रकाशाला कसा फोडतो त्याचं. ध्वनीने द्रवात दाट आणि विरळ थर होतात, आणि प्रकाशाला ते बारीक जाळीसारखे वाटतात. आम्ही प्रकाश आणि आवाज शेजारी शेजारी ठेवले होते. त्यांनी एकातून दुसरा पाठवला होता.

माइकला दहा एलईडींची रांग जोडली होती. ४ सेंमी व्यासाची स्टीलची वाटी चारास एकच्या झोतात १० सेंमीवर टांगली. तिच्या लगेच मागे दिवे विझतात. माइक मागे सरकवत गेलं की १८ सेंमीच्या पुढे एकेक करून पेटतात. सहावीतल्या एका मुलीने वाटी काढून शाडूचा ओबडधोबड गोळा लावायला सांगितला. "गोल आहे म्हणून होतंय का ते बघू." भाचीने माझ्याकडे पाहिलं. गोळा लावला. दिवे पेटले.

लेझर शाळेत लाकडी खोक्यात बंद ठेवला होता, मुलांनी पडद्यावरच पाहायचं. मुलांच्या डोळ्यांच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही.

९ मार्च, रविवार

एक शेवटचं मोजमाप राहिलं होतं आणि ते माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं. मी इतके दिवस सांगत आले की झोताची मधली रेघ मध्यातून निघतच नाही, तिचा प्रत्येक बिंदू कुठल्या ना कुठल्या कड्याकडून येतो. ते खरं असेल तर कडी एकेक करून बंद केल्यावर रेघेवर ठराविक जागी खड्डे पडले पाहिजेत.

चारास एकची जोडणी परत केली. पंखा बंद, खिडक्या बंद, सकाळचे सात. माइक एक एक सेंमी मागे. आधी सगळी कडी चालू: २६ सेंमीपर्यंत बऱ्यापैकी सलग.

मग मधला ट्रान्सड्यूसर आणि पहिलं, सहाचं कडं बंद. समोरून पाहिलं तर मधोमध मूठभर जागा मुकी. रेघेचा सुरुवातीचा भाग पडला, पण १३ सेंमीच्या पुढचं जवळपास तसंच.

सगळं परत चालू करून बाहेरचं, चोवीसचं कडं बंद. रेघ २० सेंमीवरच संपली. हिशोब १९.४.

आणि शेवटी बाहेरचं पुन्हा चालू, फक्त त्याच्या आतलं, अठराचं बंद. भाची माइक सरकवत होती, मी आकडे लिहीत होते. १५, १६, १७ ठीक. १८ ला घसरण. १९ ला सगळ्यात खाली. २१ ला वर. २३ ला पहिल्याइतकाच. तिने माइक परत १९ वर आणलं आणि तिथेच धरून ठेवलं, मी कड्याची तार लावली, काढली, पुन्हा लावली. तारेसरशी आकडा वर, काढली की खाली. आलेखाच्या कागदावर तिने त्या खड्ड्यापासून थेट तिसऱ्या कड्यापर्यंत पेन्सिलने तिरकी रेघ ओढली आणि कोनमापक लावला. पंधरा अंशांना किंचित कमी.